कर्ज फेडायला निघाले आणि बंडात सापडले : विष्णुभट गोडसे यांचे प्रकरण

१८५७ चा उन्हाळा तोंडावर आला असताना पेणजवळच्या वरसई गावातून दोन भिक्षुक उत्तरेकडे निघाले. पुतण्या विष्णुभट गोडसे तिशीचा, चुलते रामभट त्याच्याहून थोर. जाण्याचे कारण अगदी घरगुती होते. घरावर कर्ज होते आणि गावच्या भिक्षुकीवर ते फिटण्यातले नव्हते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, त्यावर लाखो रुपये खर्च होणार, अशी खबर वरसईपर्यंत पोचली होती. हिशेब सरळ होता. जायचे, यज्ञात वरणी, म्हणजे ऋत्विज म्हणून नेमणूक, मिळवायची, दक्षिणा गाठीला बांधायची आणि परत येऊन सावकाराचे तोंड बंद करायचे.

यज्ञ झालाच नाही. चुलते-पुतणे मध्य हिंदुस्थानात पोचतात तोच पलटणी उठल्या. पुढची अडीच-तीन वर्षे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, काशी अशी वणवण झाली. मिळवलेले लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा लुटले गेले. घरी परतले तेव्हा सोबत रोकड नव्हती, खांद्यावर गंगेची कावड होती.

ही हकीकत आपल्याला माहीत आहे ती विष्णुभटांनी स्वतः लिहून ठेवली म्हणून. वैद्यांच्या घराण्याचे ते कुलोपाध्याय. त्या घराण्यातले चिंतामणराव वैद्य, पुढे महाभारताचे आणि मध्ययुगीन भारताचे अभ्यासक म्हणून नाव झालेले, यांनी १८८३ च्या सुमारास त्यांना लिहायला बसवले. ते हस्तलिखित छापले गेले १९०७ साली, ‘माझा प्रवास’ या नावाने. मराठी वाचकाला ते बहुतेक राणी लक्ष्मीबाईंसाठी आठवते. इथे मात्र राणीला थोडे बाजूला ठेवून त्या भिक्षुकाकडेच पाहायचे आहे. इतिहासाच्या पुस्तकात १८५७ हे राज्ये, पलटणी आणि सेनापतींचे वर्ष असते. कर्जबाजारी माणसाच्या आयुष्यात ते कसे येते, हा या प्रकरणाचा प्रश्न.

कर्जाचे मूळ १८१८ मध्ये

विष्णुभटांचा जन्म १८२७ चा. म्हणजे पेशवाई बुडून नऊ वर्षे झाली होती. त्यांच्या आयुष्यातली पहिली मोठी ऐतिहासिक घटना त्यांच्या जन्माआधीच होऊन गेली होती, आणि माझ्या मते त्यांच्यावर सर्वांत खोल परिणाम तिचाच झाला. बंडाचा त्यानंतर.

पेशव्यांच्या काळात श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा भरे, कोकणापासून काशीपर्यंतचे ब्राह्मण जमत, वेदविद्येची परीक्षा होऊन रक्कम ठरे. वाटपाचा आकडा लाखांत जाई. कोकणातल्या एखाद्या गावात भातशेती तुटपुंजी, ब्राह्मणांची घरे पुष्कळ आणि यजमान मोजके, अशी परिस्थिती असे. तिथे श्रावणातली ती रक्कम आणि एखादे वर्षासन (ठरलेली सालाची नेमणूक) यांवर वर्षाची तोंडमिळवणी व्हायची. १८१८ नंतर कंपनीचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. लोक बिथरू नयेत म्हणून वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास रक्कम चालू ठेवली, पण ती हळूहळू दुसरीकडे वळवली. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच पैशातून. पुढे नवी नावे घेणे थांबले आणि १८५१ पासून उरलेल्या रकमेचा भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे गेला. मराठी गद्याचे त्यात भले झाले हे खरेच. वरसईच्या घरात मात्र त्यातून एक छदामही येणार नव्हता.

विष्णुभटांकडे विद्या होती, याज्ञिकी येत होती. जवळपास गिऱ्हाईक नव्हते. (हा शब्द त्यांना आवडला नसता, पण वस्तुस्थिती तीच.) गिऱ्हाईक उरले होते ते उत्तरेतल्या मराठी संस्थानांत. ग्वाल्हेरला शिंदे, इंदूरला होळकर, धारला पवार. झाशीचे नेवाळकर तर मूळचे रत्नागिरीकडचे. कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला दुसरा बाजीराव आठ लाखांच्या सालिना तनख्यावर बसलेला, आणि त्याच्या भोवती पुण्याहून गेलेली कुटुंबे. या सगळ्या गावांत मराठी बोलणारी घरे होती, उतरायला वाडा होता, पंक्तीला पान होते. कोकणातल्या भिक्षुकाला शेकडो मैलांवरच्या झाशीत कोणाकडे उतरायचे हे ठाऊक असे आणि पन्नास मैलांवरच्या मुंबईतल्या इंग्रजाच्या कचेरीत कसे शिरायचे ते ठाऊक नसे.

आणि हेच जाळे तेव्हा एकेक धागा करून तुटत होते. १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि कंपनीने तनखा थांबवला. नानासाहेबांची तक्रार म्हणून आपण ती शिकतो. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे राजे गंगाधरराव वारले, दत्तक नामंजूर झाला, १८५४ मध्ये झाशी खालसा. राणीला महिना पाच हजारांचे पेन्शन देऊ केले गेले. राज्याचा खर्च आणि पेन्शनचा खर्च यांतला जो फरक, तो पुजारी, गवई, शिलेदार, मशालजी, आश्रित यांच्या पोटाचा होता. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या या धोरणाला आपण कायद्याच्या भाषेत वाचतो. भिक्षुकाच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की दक्षिणा देणारे आणखी एक घर बंद झाले. अशा वेळी ग्वाल्हेरहून लाखोंच्या यज्ञाची खबर येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

वाटेवर

वडील सोडायला तयार नव्हते. त्यांची भीती लुटारूंपेक्षा वेगळीच होती. त्या मुलुखात भांग फार पितात, तिथल्या बायका मायावी, तरुण पोरगा गेला तो परत येत नाही. ही समजूत कोकणात घरोघर असणार. शेवटी चुलते बरोबर आहेत या भरवशावर परवानगी मिळाली. बायको घरीच राहिली. तिच्याविषयी विष्णुभट फार थोडे लिहितात. तो काळ आणि ते घर पाहता नवल नाही, पण या प्रकरणातली ही एक मोठी फट आहे. कर्ज घरात, नवरा परमुलखात, आणि पुढे बंडाच्या बातम्या. त्या बाईची ती वर्षे कोणी लिहिली नाहीत.

प्रवास पायी. मुंबईची आगगाडी १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५६ पर्यंत घाटाखाली खोपोलीला पोचली होती, पण या दोघांच्या वाटेला तिचा उपयोग नव्हता. घाट चढून पुणे, अहमदनगर, पुढे खानदेश, सातपुडा, नर्मदा. त्याच वाटेच्या आसपास तारायंत्राच्या तारा उभ्या राहिल्या होत्या. १८५४ पासून मुंबईहून इंदूरमार्गे आग्र्यापर्यंत सरकारी खबर तासांत जात होती. खाली चालणाऱ्याला खबर मिळायची ती धर्मशाळेत भेटलेल्या बैराग्याकडून नाहीतर शिपायाकडून.

महूला तसेच झाले. मुक्कामात शिपाई भेटले आणि त्यांनी सांगितले की लवकरच मोठा उत्पात होणार आहे. काडतुसांची गोष्ट सांगितली. शिवाय आणखी एक : सरकारने कलकत्त्याला राजेरजवाड्यांना बोलावून धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे त्यांच्यापुढे ठेवली आहेत.

अशी कलमे कंपनीने कधी काढली नाहीत, आणि एवढ्यावरून पुष्कळ जण विष्णुभटांना भोळा साक्षीदार ठरवून मोकळे होतात. मला ते घाईचे वाटते. १८५० चा कायदा होता, ज्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क कायम ठेवला. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा होता. त्याच वर्षी बंगालच्या फौजेत नव्याने भरती होणाऱ्यांना हुकूम होईल तिथे, अगदी समुद्रापलीकडेही, जाणे बंधनकारक झाले. काडतुसांच्या चरबीची शंका निराधार नव्हती. चार खऱ्या गोष्टी छावण्याछावण्यांतून फिरत चौऱ्याऐंशी झाल्या. अफवा कोणत्या मापाने वाढली याचा इतका चांगला पुरावा सरकारी दप्तरात सापडत नाही, कारण तिथे अफवा ‘खोटी’ असा शेरा मारून निकालात काढलेली असते. विष्णुभटांनी ती जशी ऐकली तशी नोंदवली, आणि ती खरी आहे अशा विश्वासाने नोंदवली. दोन्ही गोष्टी अभ्यासकाच्या कामाच्या आहेत.

मीरतला १० मे रोजी ठिणगी पडली. महूच्या पलटणी आणि इंदूरची रेसिडेन्सी १ जुलैला पेटली. परत फिरावे की पुढे जावे? दोघे पुढे गेले. धाडस म्हणून नव्हे. इतका खर्च करून अर्ध्या वाटेवरून रिकाम्या हाताने परतणे म्हणजे कर्जात भर, हे कोणालाही समजण्यासारखे आहे.

ग्वाल्हेरला बायजाबाईंचे दर्शन झाले, दक्षिणा थोडीबहुत मिळाली, यज्ञ मात्र रद्द. बायजाबाई ही साधी असामी नव्हती. दौलतराव शिंद्यांच्या मागे १८२७ ते १८३३ त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार हाकलेला. काशीच्या ज्ञानवापीचा मंडप त्यांचाच. पण १८५७ मध्ये ग्वाल्हेर दोन दगडांवर पाय ठेवून उभे होते. जयाजीराव शिंदे आणि दिवाण दिनकरराव राजवाडे इंग्रजांच्या बाजूने, त्यांची फौज बंडाच्या. यज्ञाचे नाव कोण काढणार? हाताला काम नाही आणि परतीचा रस्ता बंद, अशा स्थितीत दोघांनी झाशी गाठली.

झाशी

झाशीत त्यांचे बस्तान बसले. तिथल्या मांडवगणे यांच्या आश्रयाने वाड्यात वावर झाला, अनुष्ठाने मिळाली, पैसा जमू लागला. बंड नसते तर मथुरेच्या यज्ञानंतर दोघे घरी गेले असते. बंडाने राणीला पुन्हा राज्यावर बसवले, आणि राज्यावर बसलेल्या राणीला भिक्षुक लागत होते. काही महिने का होईना, १८५७ ने विष्णुभटांच्या कर्जाच्या बाजूने काम केले. वीरकथेत हा तपशील गैरसोयीचा वाटेल, म्हणून तो सहसा सांगितला जात नाही.

या महिन्यांचे त्यांचे वर्णन वाचताना कळते की डोळा कोणाचा आहे. राणी पहाटे उठून व्यायाम करते, घोडा फेरते. स्नानाची तिला फार आवड, ऊन पाण्याचे हंडेच्या हंडे लागतात. मग पांढरे चंदेरी लुगडे, तुळशीची पूजा, पार्थिवपूजा. दरबारात कधी पुरुषी वेष, कधी बायकी. घोड्यांची तिला पारख किती, हेही ते कौतुकाने सांगतात. थंडीत कुडकुडणारे भिकारी पाहून तिने टोप्या, बंड्या, घोंगड्या वाटल्या, ते दृश्य तर त्यांनी मनावर कोरून घेतले आहे. तलवार, डावपेच, कोणत्या बुरुजावर कोण, याहून दानधर्म, सोवळे, देवपूजा यांत त्यांची नजर तयार होती. जिथे नजर तयार असते तिथला माणूस सहसा चुकत नाही. लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाविषयी म्हणूनच मी विष्णुभटांवर विश्वास ठेवीन. कोणत्या पलटणीने कोणत्या दिवशी कुठे हल्ला केला याबद्दल इंग्रज सेनापती ह्यू रोजचे कागद पाहीन.

याच नजरेचा दुसरा परिणाम असा की झाशीतली कित्येक माणसे त्यांना अर्धवटच दिसतात. कोष्टीपुरा, म्हणजे विणकरांची वस्ती, जळला हे ते सांगतात. त्या कोष्ट्यांपैकी एखाद्याच्या घरात आपण शिरत नाही. ब्राह्मण घरांत काय झाले याची बारकाईने माहिती मिळते, तोफेवरच्या गोलंदाजाच्या बायकोबद्दल काही नाही.

२१ मार्च १८५८ रोजी ह्यू रोजची फौज झाशीपुढे आली. तोफा सुरू झाल्या. तात्या टोपे काल्पीकडून मोठे सैन्य घेऊन आले, १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा मोड झाला, आणि ३ तारखेला इंग्रज शहरात घुसले. ४ च्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. या चार तारखांच्या मागे विष्णुभटांचे जे दिवस आहेत ते मराठी गद्यातले सर्वांत अंगावर येणारे दिवस असावेत. गोरे शिपाई पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत दिसेल त्या पुरुषाला मारत सुटले. बायकांनी विहिरी जवळ केल्या. आग लागलेली, प्रेते उचलायला कोणी नाही. घरात लपलेल्यांना बाहेरच्या पावलांच्या आवाजावरून ठरवावे लागे की मरण दाराशी आले की पुढच्या घरी गेले. आदल्या जूनमध्ये झाशीत इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली होती. तिचा सूड शहरावर उगवला. त्या जूनमध्ये राणीचा हात किती, यावर आजही वाद आहे. ज्यांनी सूड सोसला त्यांत विष्णुभट होते, आणि ते तर त्या जूनमध्ये झाशीत नव्हतेच.

लुटीचे वर्णन इथे थांबून वाचायला हवे. लूट एकदम झाली नाही, क्रमाने झाली. आधी गोऱ्यांनी रोख, सोने, रुपे घेतले. मग काळ्या पलटणींच्या पाळ्या लागल्या. तांब्यापितळेची भांडी गेली. मग कपडालत्ता. मग धान्य. शेवटी दारांच्या कड्याकोयंडेही सुटले नाहीत. हे वाचताना वाटते की म्हाताऱ्याने रंग भरला असेल. पण त्या युद्धात लूट हा इंग्रजी फौजेचा रीतसर व्यवहार होता. लुटीचा हिशेब ठेवणारे ‘प्राइज एजंट’ नेमले जात, माल गोळा होई, लिलाव होई, हुद्द्याप्रमाणे वाटे पडत. करवीच्या पेशव्यांचा खजिना जनरल व्हिटलॉकच्या हाती लागला तेव्हा त्याच्या वाटपावरून इंग्रज अधिकाऱ्यांत कोर्टकज्जे झाले. लुटीला शिस्त असते हे विष्णुभटांना कोणी शिकवले नव्हते. रांजणामागे दडून बसलेल्याला पायरी-पायरीने रिकामे होत जाणारे घर दिसले, ते त्यांनी लिहिले. दप्तर आणि आठवण इथे एकमेकांना दुजोरा देतात.

झाशीच्या वाड्यातला ग्रंथसंग्रहही या दिवसांत उधळला गेला. पोथ्या फेकल्या गेल्या, त्यांची बासने तेवढी कामाची म्हणून लोकांनी उचलली. आपला पैसा गेला त्यापेक्षा या पोथ्यांविषयी विष्णुभटांचा सूर जास्त हळवा आहे. वेदपाठी माणूस, दुसरे काय होणार. पण पैसाही गेलाच. महिनोन्‌महिने जोडलेली दक्षिणा, म्हणजे वरसईच्या सावकाराचे पैसे, झाशीच्या एका घरात संपले.

विहिरीवर

काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. विष्णुभट विहिरीवर पाणी शेंदत असताना चार-पाच स्वार आले. त्यांत पठाणी वेषातली, धुळीने माखलेली राणी. तिला तहान लागली होती. ते पाणी काढून देऊ लागले तर तिने अडवले : तुम्ही विद्वान ब्राह्मण, मजसाठी पाणी ओढू नका, मीच काढते. आणि मग आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, विधवा बाई, एवढी उठाठेव करण्याची काही गरज नव्हती, पण धर्माच्या अभिमानाने या कर्माला प्रवृत्त झाले, अशा अर्थाचे तिचे उद्गार.

भाषणे लिहिणाऱ्यांना हे उद्गार फार उपयोगी पडतात. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेले बोलणे शब्दशः तसेच असेल असे मी धरत नाही. त्यात विष्णुभटांचे स्वतःचे शब्द मिसळले असणार, ‘धर्मासाठी’ हे कारणही थोडे त्यांच्या बाजूने झुकले असेल. झाशी परत मिळवणे हे राणीचे कारण तिच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. पण दोर कोणाच्या हातात होता, पाणी ओंजळीने प्याले की भांड्याने, कोणी कोणाला हात लावू दिला नाही, या गोष्टी भिक्षुक विसरत नाही. रोजच्या जगण्यात त्याला याच गोष्टींचे भान ठेवावे लागते. मला त्या प्रसंगातला दोर उद्गारांपेक्षा भरवशाचा वाटतो.

दोन घटका झाल्या असतील. मग वाटा फुटल्या. ७ मे रोजी कोंचला आणि २२ मे रोजी काल्पीजवळ बंडवाल्यांचा पराभव झाला. १ जूनला त्यांनी ग्वाल्हेर घेतले, जयाजीराव आग्र्याला पळाले. जूनच्या मध्यावर ग्वाल्हेरबाहेर राणी पडली. विष्णुभटांना ही बातमी ऐकीवच मिळाली. युद्धाच्या शेवटाबद्दल ते जे सांगतात ते बाजारातल्या माणसाला कळले तेवढेच आहे.

परतीचे हिशेब

त्यानंतरचा काळ लांब आहे आणि एकसुरी आहे. चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, प्रयाग, काशी. कुठे दक्षिणा, कुठे आजार, कुठे चोर. रस्त्यात अडवणे आणि झडती तर नित्याची झाली. दक्षिणी ब्राह्मण दिसला की तो नानासाहेबांचा माणूस असण्याचा संशय येई, आणि तो संशय अगदीच वेडगळ नव्हता. नाना, तात्या, झाशीवाली, सगळे दक्षिणी. ज्या जाळ्याच्या भरवशावर विष्णुभट उत्तरेत आले होते त्याच जाळ्याचा माणूस असणे आता गळ्याशी येत होते. भाषा, पागोटे, जानवे, ज्यांनी दारे उघडली होती, तीच आता चौकीवर अडवायला पुरेशी झाली. नोव्हेंबर १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला, माफी जाहीर झाली. तात्या टोप्यांना मात्र एप्रिल १८५९ मध्ये शिवपुरीला फाशी दिले.

निघताना आईवडिलांना गंगास्नान घडवण्याची इच्छा मनात होती. त्यांना काशीला नेणे शक्य नव्हते, तेव्हा गंगाच घरी न्यायची. कावड खांद्यावर घेऊन, सोवळे सांभाळत, जमिनीला टेकू न देता, शेकडो कोस. या तीन वर्षांत त्यांनी मिळवलेल्या वस्तूंपैकी हीच एक अशी होती की जिच्यात गोऱ्याला, काळ्या शिपायाला की वाटमाऱ्याला रस नव्हता. ती वरसईला पोचली. घरच्यांनी आशा सोडली होती. आईवडिलांना गंगाजलाने स्नान घातले गेले. आर्थिक हिशेबात हा प्रवास साफ बुडीत. विष्णुभटांच्या स्वतःच्या हिशेबात तसा नव्हता, आणि त्यांचा हिशेब आपण आपल्या आकड्यांनी खोडू नये असे मला वाटते.

हस्तलिखिताचे पुढे काय झाले

विष्णुभट लिहायला बसले तो १८८३ चा सुमार. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला इंग्रजांविरुद्ध बंड करणारे वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात वारले. फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे, म्हणजे वरसईपासून फार लांबचे नव्हेत. देशी छापखान्यांवरचा १८७८ चा कायदा नुकताच उठला होता, भीती उठली नव्हती. दुसरीकडे १८७० पासून मुंबईहून अलाहाबादमार्गे कलकत्त्यापर्यंत आगगाडी सुरू झाली होती. ज्या वाटेवर विष्णुभटांची तीन वर्षे गेली ती त्यांच्याच हयातीत थोड्या दिवसांवर आली. लिहिताना त्यांना हे ठाऊक होते. आपण केला तसा प्रवास आता कोणी करणार नाही, ही जाणीव त्या लेखनाला वेग देते असे मला वाचताना वाटत आले आहे.

वैद्यांनी हस्तलिखित लगेच छापले नाही. ते स्वतः काही वर्षे ग्वाल्हेर संस्थानात न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. छापले ते बंडाला पन्नास वर्षे झाल्यावर, १९०७ मध्ये. स्वदेशीचा तो काळ, आणि पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी स्वतःची भर घातली. काही गाळले ते सरकारला झोंबेल म्हणून, काही सुशिक्षित वाचकाला अश्लील वाटेल म्हणून. १९०७ च्या पुस्तकातला विष्णुभट त्यामुळे मूळच्यापेक्षा जरा सभ्य आणि जरा शहाणा झाला आहे. ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागरांनी तो हिंदीत नेला, आणि उत्तरेतल्या वाचकांनाही झाशीची ती लूट एका कोकणी भिक्षुकाच्या डोळ्यांनी दिसली.

मूळ मोडी हस्तलिखित वैद्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले, ही त्यांची मोठीच कामगिरी. नाहीतर काय गाळले हे कळायला मार्ग नव्हता. इतिहासकार दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये ते मुळाबरहुकूम छापले. त्यात वाक्ये लांबच लांब, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, पण बोलणारा माणूस ऐकू येतो. घरात जुनी प्रत असेल तर ती १९०७ ची परंपरा आहे की पोतदारांची, एवढे पाहून मग वाचायला घ्यावी. वरसईचे नाव हल्ली वर्तमानपत्रात आले तर ते बाळगंगा धरणाच्या बातमीत येते.